शालेय सांख्यिकीसाठी समस्यापत्रक कसे तयार करावे: सोलापुरातील नव्या गणित शिक्षकांसाठी

विद्यार्थ्यासमोर वीस प्राप्तांक ठेवून मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला सांगितले, तर नववीतील बहुतेक मुले तिन्ही उत्तरे बिनचूक काढतात; पण त्यांनाच 'यातला कोणता आकडा कामाचा, आणि कोणाच्या कामाचा?' असे विचारले की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना जी उदाहरणे देतो, त्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण सामग्री गोळा करून, निवडून, सारणीत बसवून आपणच हातात दिलेली असते आणि कोणते माप काढायचे तेही उदाहरणाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेले असते. उरते ती केवळ आकडेमोड.

समस्याधारित अध्ययनात हा क्रम उलटा असतो. समस्या आधी येते आणि ती सोडवताना ज्या गणिताची गरज पडते, ते नंतर शिकवले जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ पासून ही पद्धत वापरली गेली. तेथे विद्यार्थ्यासमोर प्रथम रुग्णाची हकिकत ठेवत आणि शरीरशास्त्र त्या हकिकतीच्या निमित्ताने शिकवत. सांख्यिकीला ही रीत विशेष मानवते, कारण सांख्यिकी मुळातच कोणाच्या तरी अडचणीतून जन्माला आलेली विद्या आहे. न्यूझीलंडमधील सांख्यिकीतज्ज्ञ वाइल्ड आणि फॅन्कुख यांच्या १९९९ मधील लेखातले समस्या, आराखडा, सामग्री, विश्लेषण आणि निष्कर्ष हे पाच टप्प्यांचे चक्र न्यूझीलंडच्या शाळांत वापरले जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील सरावसंच या पाचांपैकी प्रामुख्याने चौथ्या टप्प्यावर असतात. पहिले तीन आणि शेवटचा टप्पा विद्यार्थ्याच्या वाट्याला येतील असे साहित्य शिक्षकालाच तयार करावे लागते, आणि ते कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

साहित्य म्हणजे येथे तीन कागद समजावेत: विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे समस्यापत्रक, त्यासोबतचा सामग्रीसंच, आणि फक्त शिक्षकाने जवळ ठेवायचे टिपण.

पहिली पायरी: घटक ठरवणे

आठवीत मध्य आणि विभाजित व शतमान स्तंभालेख येतात. नववीत प्राथमिक व दुय्यम सामग्री, वर्गीकरण, संचित वारंवारता आणि अवर्गीकृत सामग्रीचे मध्य, मध्यक, बहुलक येतात. दहावीत हीच मापे वर्गीकृत सामग्रीसाठी काढायची असतात आणि त्यांच्या जोडीला आयतालेख, वारंवारता बहुभुज व वृत्तालेख असतो. नव्या शिक्षकाने सुरुवात नववीपासून करावी, असे माझे मत आहे. दहावीला वेळ नसतो, आणि आठवीच्या मुलांकडे निवड करण्याइतकी मापे अजून आलेली नसतात.

एका समस्यापत्रकात एकच संकल्पना मध्यवर्ती ठेवावी. कोऱ्या कागदावर 'या समस्येत विद्यार्थ्याला मध्यकाची गरज का भासेल?' असे एक वाक्य लिहावे आणि त्याचे उत्तर दोन ओळींत देता आले, तरच पुढे जावे. मध्यकाच्या जागी वर्गमर्यादा, संचित वारंवारता किंवा विस्तार (कमाल व किमान प्राप्तांकांतील फरक) येऊ शकतो. उत्तर 'कारण तो अभ्यासक्रमात आहे' एवढेच निघत असेल, तर समस्या अजून सापडलेली नाही.

दुसरी पायरी: कोणाला काय ठरवायचे आहे?

मी तयार केलेले पहिले समस्यापत्रक 'आपल्या वर्गातील मुलांची सरासरी उंची शोधा' असे होते. मुलांनी भिंतीवर खुणा केल्या, मोजपट्ट्या आणल्या, दोन तासिका गडबडीत आणि आनंदात गेल्या, आणि शेवटी फळ्यावर एक संख्या लिहिली गेली, जिच्याकडे नंतर कोणीही पाहिले नाही. ती संख्या कोणालाच नको होती. ते मुळात साधे उदाहरण होते, आम्ही फक्त त्याला मोजपट्टी जोडली होती.

दुसऱ्या वर्षी तेच काम 'शाळेला दोन मापांची बाके घ्यायची आहेत. प्रत्येक मापाची किती घ्यावीत आणि सीमा कोणत्या उंचीवर ठेवावी, हे मुख्याध्यापकांना लिहून द्या' असे दिले. सामग्री तीच होती, पण आता वाद सुरू झाले. सीमेवर असलेल्या मुलांचे काय करायचे, वर्षभरात उंची वाढेल ती धरायची का, सरासरीने येथे काही कळते का, असे प्रश्न मुलांनीच काढले. फरक एवढाच होता की आता एका माणसाला काहीतरी ठरवायचे होते. समस्या निवडताना हीच कसोटी प्रथम लावावी: निर्णय घेणारा माणूस आणि त्याचा निर्णय, हे दोन्ही समस्यापत्रकात दिसले पाहिजेत. दुसरी कसोटी अशी की मापाची निवड बदलली तर निर्णयही बदलला पाहिजे. मध्य घेतला काय आणि मध्यक घेतला काय, उत्तर तेच येणार असेल, तर मुले विचार कशासाठी करतील?

सोलापुरात अशा समस्यांचा तुटवडा नाही. शहराला काही दिवसांच्या अंतराने येणारे नळाचे पाणी, श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीतील कांद्याचे दर, डाळिंबांची वजनानुसार प्रतवारी, अकरा तालुक्यांत पडणारा कमी-अधिक पाऊस, टॉवेलच्या कारखान्यात निघणारा सदोष माल, यांतील प्रत्येक गोष्टीवर कोणीतरी रोज निर्णय घेत असतो. पावसाचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय मिळतात, बाजारभाव रोजच्या वर्तमानपत्रात येतात, आणि पाण्याचे आकडे मुलांच्या घरातच असतात.

उजनी धरणाचे उदाहरण छोटे असले तरी पहिल्या दिवसासाठी उत्तम आहे. उन्हाळ्यात 'उजनी उणे २० टक्के' अशी बातमी येते, आणि टक्केवारी ऋण कशी असू शकते, हा प्रश्न कोणत्याही हुशार मुलाला पडतोच. याचे कारण टक्केवारीच्या पायात आहे. धरणाचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी असून टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणून शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे, त्या वेळीही त्यात ६३.६६ टीएमसी पाणी असते. उणे २० टक्के म्हणजे त्यातून आणखी सुमारे १०.७१ टीएमसी कमी, अर्थात ५२.९५ टीएमसी. हेच पाणी एकूण क्षमतेच्या, म्हणजे ११७.२३ टीएमसीच्या प्रमाणात मांडले, तर ते ४५ टक्क्यांच्या आसपास भरते. 'उणे २०' आणि 'अधिक ४५' या दोन्ही संख्या खऱ्या असून त्या एकाच दिवसाच्या आहेत; मग पाणी जपून वापरा असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याने कोणती छापावी आणि का, हे मुलांना विचारावे. टक्केवारी शिकवण्यासाठी मला याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही.

तिसरी पायरी: स्वतः आधी करून पाहणे

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि समस्यापत्रके फसतात ती बहुधा याच कारणाने, म्हणून येथे थोडे थांबतो.

समजा, आपली समस्या अशी आहे: 'शेजारच्या वाड्यात पाच माणसांचे कुटुंब नव्याने राहायला येणार आहे. त्यांना पाण्याची टाकी घ्यायची आहे. जागा थोडी असल्याने गरजेपेक्षा मोठी टाकी नको, पण पाणी संपून टँकर मागवण्याची वेळही येऊ नये. किती लिटरची टाकी घ्यावी, हे त्यांना कारणांसह एका पानावर लिहून द्या.' हे पत्रक वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःच्या घरी नळाला पाणी आल्याच्या तारखा किमान तीन-चार आठवडे लिहून ठेवाव्यात. असे केल्यावर कळते की पहिली अडचण गणिताची नाही, भाषेची आहे.

सोमवारी पाणी आले आणि त्यानंतर शुक्रवारी आले. हे किती दिवसांनी आले? मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन दिवस कोरडे गेले म्हणून एक जण 'तीन दिवसांआड' म्हणतो. तारखांची वजाबाकी करणारा 'चौथ्या दिवशी' म्हणतो. सोमवार हाच पहिला दिवस धरणारी आजी 'पाचव्या दिवशी' म्हणते. तिघेही बरोबर आहेत, आणि चाळीस मुलांच्या वह्यांत या तिन्ही रीतींनी मोजलेले आकडे एकत्र झाले, तर पुढचे सगळे गणित वाया जाते. त्यामुळे पत्रकात अंतर न विचारता केवळ तारीख विचारावी आणि अंतर कसे मोजायचे, ही व्याख्या वर्गात चर्चेने ठरवून घ्यावी. ही चर्चा मी मुद्दाम शिक्षकटिपणात लिहून ठेवतो आणि मुलांना आयती व्याख्या देत नाही, कारण 'मोजण्याआधी काय मोजतो ते ठरवावे लागते' हे त्यांना येथेच, त्यांच्या रोजच्या बोलण्यातून कळते.

दुसरी अडचण नोंदीतल्या खंडाची. एखादा मुलगा गावाला गेला आणि एक तारीख लिहायची राहिली, तर चार-चार दिवसांच्या दोन अंतरांऐवजी आठाचे एक अंतर दिसते. जलवाहिनी फुटल्यामुळे पाणी खरोखरच आठव्या दिवशी आल्यासही आठच दिसते. केवळ आकड्याकडे पाहून यातला फरक सांगता येत नाही. त्याच भागातील दुसऱ्या मुलाची वही पाहावी लागते. म्हणून प्रत्येक भागातून निदान दोघांनी स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात, ही सूचना पत्रकात आधीच घालावी.

तिसरी गोष्ट वेळेची. साधारण चार दिवसांच्या अंतराने पाणी येत असेल, तर एका भागाची दहा अंतरे मिळण्यास सहा आठवडे लागतात. नववीत सांख्यिकी हे गणित भाग १ मधील शेवटचे प्रकरण आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच वह्या सुरू केल्या तर सामग्री वेळेवर हाती येते. प्रकरण सुरू झाल्यावर वह्या वाटणाऱ्या शिक्षकाला शेवटी आकडे स्वतःच रचावे लागतात, आणि मुलांना ते लगेच ओळखू येते.

चौथी पायरी: आकडे आपल्या प्रश्नाला न्याय देतात का, ते तपासणे

खरी सामग्री येईपर्यंत एक नमुना सामग्री करून समस्येची ताकद अजमावावी. मी खालील दोन काल्पनिक भाग घेतो. अंतरे दिवसांत असून तारखांच्या वजाबाकीने काढली आहेत.

पहिला भाग: ४, ४, ५, ४, ४, ५, ४, ४, ५, ४.
दुसरा भाग: ३, ३, ४, ३, ३, ९, ३, ४, ३, ८.

दोन्हींची बेरीज ४३ आणि मध्य ४.३ दिवस. मध्यक मात्र पहिल्या भागात ४ आणि दुसऱ्या भागात ३ आहे, बहुलकही तसेच. म्हणजे मध्य पाहिला तर दोन्ही भाग सारखे, मध्यक किंवा बहुलक पाहिले तर दुसरा भाग सुखी, आणि तरीही टाकी घेणाऱ्याने दुसऱ्या भागात अधिक मोठी टाकी घ्यायला हवी, कारण तेथे पाणी एकदा थेट नवव्या दिवशी आले आहे. माणशी रोज ४० लिटर धरले, तर पाच जणांना दिवसाला २०० लिटर लागतात. मध्यावर विसंबून ८६० लिटरची टाकी घेतलेले कुटुंब त्या नऊ दिवसांतले साडेचारांहून अधिक दिवस कोरडे काढील. त्यांना १,८०० लिटरची सोय लागते, तर पहिल्या भागातल्या कुटुंबाला १,००० लिटर पुरतात.

ही समस्या मी मुद्दाम अशी निवडली आहे की तिच्यात तिन्ही केंद्रीय मापे निरुपयोगी ठरतात आणि विद्यार्थ्याला कमाल प्राप्तांकाकडे व विस्ताराकडे वळावे लागते. नवा शिक्षक येथे बिचकतो. 'मध्य शिकवायचा आणि तो उपयोगी नाही असे दाखवायचे?' असे त्याला वाटते. परंतु मध्य कोठे चालत नाही हे ज्याला कळले, त्यालाच तो कोठे चालतो हे कळते. याच समस्येत एक प्रश्न बदलला, म्हणजे 'महिन्याला या भागाला एकूण किती वेळा पाणी सोडावे लागते?' असे पालिकेच्या बाजूने विचारले, की मध्य लगेच कामाचा ठरतो. दोन्ही प्रश्न एकाच पत्रकावर ठेवावेत, म्हणजे निर्णय घेणारा बदलला की मापही बदलते, हे मुलांना आपोआप दिसते.

पाचवी पायरी: समस्यापत्रक लिहिणे

पत्रक एका पानाचे असावे. वर पाच-सहा ओळींत परिस्थिती, त्याखाली निर्णय, शेवटी कोणाला काय लिहून द्यायचे ते. 'मध्य', 'मध्यक', 'आलेख' हे शब्द समस्येच्या मजकुरात येऊ देऊ नयेत. ते आले की मुले परिस्थिती वाचणे सोडून देतात आणि सूत्र शोधू लागतात. 'सोडवा', 'काढा' यांऐवजी 'ठरवा', 'सुचवा', 'पटवून द्या' अशी क्रियापदे वापरावीत. परिस्थितीत एखादी माहिती जाणूनबुजून कमी ठेवावी. वरच्या समस्येत माणशी रोज किती पाणी लागते हे पत्रकात दिलेले नाही, आणि ते मुलांनी घरची घागर लिटरमध्ये मोजून शोधावे, अशी अपेक्षा आहे. मात्र एका पत्रकात असा एकच खड्डा ठेवावा. दोन-तीन ठेवले की दुबळे गट पहिल्या तासिकेतच हात टेकतात.

भाषेबाबत सोलापूरच्या शिक्षकाने अधिक जागे राहावे लागते. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले असतात, आणि ती सर्वेक्षणाचा प्रश्न घरी जाऊन स्वतःच्या भाषेत विचारतात. 'आड', 'परवा', 'एक दिवस सोडून' असे शब्द भाषांतरात घसरतात. त्यामुळे प्रश्नावली असेल, तर ती आधी चार-पाच मुलांना घरी विचारायला देऊन त्यांनी नेमके कोणते वाक्य वापरले ते ऐकावे आणि मग मूळ प्रश्न सुधारावा. हे काम मुलांसमोर केले तर तोही सांख्यिकीचाच पाठ होतो.

आणखी एक पथ्य. घरचे उत्पन्न, मजुरी, जात, वजन, परीक्षेतील गुण यांची सामग्री वर्गातून गोळा करू नये. यंत्रमागावर किंवा विड्या वळण्याच्या कामावर ज्यांची आई जाते, त्या मुलांना मजुरीचा आकडा फळ्यावर लिहायला लावणे हे गणितासाठी मोजण्याजोगे मोल नाही. पाण्याच्या समस्येतही मी घरात किती पाणी साठवता येते हे विचारत नाही, फक्त तारखा घेतो. कारण कोणाकडे गच्चीवर टाकी आहे आणि कोणाकडे दोन घागरी, हे त्या उत्तरातून उघडे पडते. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी शेजारच्या नळाची नोंद ठेवावी.

सहावी पायरी: सामग्रीसंच

सामग्री मुलांनीच गोळा केली पाहिजे असा नियम करू नये. प्राथमिक सामग्रीने व्याख्या व नोंद यांचे शिक्षण होते, तर दुय्यम सामग्रीने दुसऱ्याने केलेल्या निवडी ओळखण्याचे. वर्षात एक समस्या पहिल्या प्रकारची आणि एक दुसऱ्या प्रकारची झाली तरी पुरे.

दुय्यम सामग्रीसाठी कांद्याचे दर घ्यावेत. बाजारभावाच्या तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात, आणि बातमीचा मथळा बहुधा कमाल दरावर बांधलेला असतो. मोहोळ तालुक्यातील मध्यम प्रतीचा कांदा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याने घरी हिशेब करताना कोणता दर धरावा, ही समस्या दहावीला द्यावी. वर्गीकृत सामग्रीसाठी मी वापरत असलेला काल्पनिक संच असा आहे. एका दिवसाच्या १०० खेपांचे क्विंटलमागे दर: ५०० ते १००० रुपये २२ खेपा, १००० ते १५०० रुपये ४१, १५०० ते २००० रुपये २४, २००० ते २५०० रुपये ९, २५०० ते ३००० रुपये ३, आणि ३००० ते ३५०० रुपये १. यावरून बहुलक सुमारे १,२६४ रुपये, मध्यक सुमारे १,३४१ रुपये आणि मध्य १,४१५ रुपये येतो, तर मथळा मात्र त्या एका खेपेमुळे 'कांदा तीन हजारांवर' असा होतो. वरच्या टोकाला लांबलेली शेपटी मध्याला आपल्याकडे ओढते, हे वाक्य न सांगता मुलांना येथे दिसते. हुशार गटाला आणखी एक प्रश्न द्यावा: येथे प्रत्येक खेप एक म्हणून मोजली आहे, पण एकीत ५ क्विंटल आणि दुसरीत ६० क्विंटल माल असेल तर?

वर्गमर्यादांसाठी डाळिंबे घ्यावीत. साठ फळे तोलून वजने लिहावीत आणि २०० ते २५०, २५० ते ३०० ग्रॅम अशा पेट्या कराव्यात. बरोबर २५० ग्रॅमचे फळ कोणत्या पेटीत टाकायचे, यावर बागायतदार आणि व्यापारी असे दोन गट पाडले की अपवर्जक पद्धतीची (वरच्या मर्यादेइतका प्राप्तांक पुढच्या वर्गात धरण्याची) गरज दहा मिनिटांत पटते. फळे महाग वाटली तर लिंबे किंवा बटाटे चालतील.

खऱ्या सामग्रीतील गळती, शंकास्पद नोंदी, एककांचा गोंधळ हे सर्व साफ करून देऊ नये. संचात एक जागा रिकामी, एक नोंद चुकीच्या एककात आणि एक टोकाची पण खरी नोंद ठेवणे पुरेसे असते. कोणती टाकायची, कोणती ठेवायची आणि टाकली तर तसे लिहायचे की नाही, याचा निर्णय गटाने घ्यावा. टोकाचा आकडा न सांगता खोडून टाकणाऱ्या गटाला मी नेहमी तो खोडलेला कागद सर्वांसमोर वाचायला लावतो.

सातवी पायरी: शिक्षकटिपण आणि तासिकांची आखणी

टिपणात चार गोष्टी असाव्यात: मुले कोणकोणत्या वाटांनी जातील, त्या प्रत्येक वाटेवर विचारायचा एक प्रश्न, संकल्पना नेमकी कोणत्या क्षणी शिकवायची, आणि स्वीकारता येतील अशी किमान दोन वेगवेगळी उत्तरे. यातली तिसरी गोष्ट निर्णायक आहे. नवा शिक्षक एक तर सुरुवातीलाच सूत्र सांगून टाकतो, किंवा समस्याधारित अध्ययन म्हणजे शिक्षकाने काहीच शिकवू नये असे समजून शेवटपर्यंत गप्प बसतो, आणि दोन्हींत नुकसान आहे. पाण्याच्या समस्येत निम्मे गट 'सरासरी ४.३ दिवस' येथे थांबलेले दिसले की सर्वांना हातातली कामे ठेवायला सांगावीत आणि 'या टाकीवर दुसऱ्या भागातले सहावे अंतर कसे निभावेल?' एवढेच विचारावे. त्यानंतर विस्तार फळ्यावर नीट, व्याख्येसह, दोन उदाहरणांसह शिकवावा. गरज भासल्यावर दिलेली पंधरा मिनिटांची ही शिकवणी आधी दिलेल्या एका तासिकेहून अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे.

साधारण चार तासिका धराव्यात. पहिलीत पत्रकाचे वाचन, व्याख्या आणि आराखडा. दुसरीत सामग्रीची मांडणी. तिसरीत विश्लेषण आणि मध्ये घेतलेली शिकवणी. चौथीत लेखन आणि एकमेकांना पटवून देणे. गट चार जणांचे करावेत. संगणक असेल तर ठीक, नसेल तर आलेखकागद आणि रंगीत पेन्सिल यांनी काही अडत नाही. उलट आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करायचा की नाही, हा विचार हाताने काढतानाच होतो.

आठवी पायरी: मूल्यमापन

उत्तर एकच नसल्याने गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न मुख्याध्यापक आणि पालक दोघेही विचारतात. मी दहा गुणांची वाटणी पत्रकाच्या मागच्या बाजूला छापून मुलांना आधीच देतो: काय मोजले याची स्पष्ट व्याख्या २, सामग्रीची मांडणी आणि आलेख २, मापाची निवड व तिचे कारण ३, निर्णय आणि तो कोठे चुकू शकतो याची कबुली ३. आकडेमोडीला वेगळे गुण नाहीत, मात्र आकडेमोड चुकल्यामुळे निर्णय चुकला तर शेवटचे तीन गुण आपोआप जातात. मंडळाच्या परीक्षेसाठी लागणारा सूत्रांचा सराव याच सामग्रीवर स्वतंत्र तासिकेत करून घ्यावा. तो टाळता येत नाही आणि टाळूही नये.

नववी पायरी: चाचणी आणि दुरुस्ती

पहिले पत्रक संपूर्ण वर्गाला देण्यापूर्वी एका गटाला शाळा सुटल्यावर द्यावे, आणि आपण मागे बसून केवळ ऐकावे. मुले पत्रकातील कोणती ओळ दोनदा वाचतात, कोठे 'म्हणजे काय?' असे एकमेकांना विचारतात, कोठे वीस मिनिटे वाया जातात, हे लिहून घ्यावे. त्यांना मदत करण्याचा मोह आवरावा. आपण तोंडी दिलेले स्पष्टीकरण पत्रकात नसते आणि मग तेच पत्रक शेजारच्या तुकडीत दुसऱ्या शिक्षकाच्या हाती फसते. चाचणीनंतर साधारणपणे परिस्थितीचा मजकूर कमी करावा लागतो आणि एखादा प्रश्न पत्रकातून काढून टिपणात न्यावा लागतो.

दुरुस्त केलेल्या पत्रकावर तारीख घालावी, मुलांनी दिलेल्या अनपेक्षित उत्तरांपैकी दोन-तीन टिपणाच्या मागे चिकटवावीत आणि मुलांनी गोळा केलेल्या तारखांच्या वह्या, नावे काढून, कपाटात जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्या दुय्यम सामग्री म्हणून देता येतात, आणि 'गेल्या वर्षीपेक्षा पाणी नियमित झाले का?' ही नवी समस्या तयार मिळते.